घरशाळा, ऑनलाइन शिक्षक आणि तीन दिवसांचं केंद्र: मेळ कसा बसवायचा?

नाशिकच्या एका आईने विचारलं आहे. मुलगा दहा वर्षांचा, सीबीएसई शाळेत पाचवीत. वर्ष संपलं की त्याला शाळेतून काढून घरी शिकवायचं जवळजवळ ठरलंय. आई घरून अर्धवेळ काम करतात, वडील कंपनीत शिफ्टला, घरात आजी आहेत. गणित-इंग्रजीला ऑनलाइन शिक्षक लावायचे आणि जवळच्या एका खासगी केंद्रात आठवड्यातले तीन दिवस पाठवायचं, अशी योजना. त्यांना जाणून घ्यायचंय की ऑनलाइन किती ठेवावं, प्रत्यक्ष किती ठेवावं, दोन्हींचा मेळ कसा बसवावा, आणि पुढे दहावीचं काय.

मी आधी शाळेत विज्ञान शिकवायचे. आता बरीच वर्षं पुण्यात घरशाळेच्या कुटुंबांसोबत काम करते. कोणाचीही मदत न घेता सगळं घरीच शिकवणारे पालक मला क्वचित भेटतात. बहुतेकांची योजना तुमच्यासारखीच मिश्र असते. त्यामुळे बाहेरची मदत घेतली म्हणजे घरशाळा खरी नाही, असं मी मुळीच मानत नाही. पण तुमच्या प्रश्नात तासांचा विचार भरपूर आहे आणि एक गोष्ट आलेलीच नाही. मुलाच्या शिकण्याचा हिशेब कोणाकडे राहणार?

शाळेत तो वर्गशिक्षकांकडे असतो. चांगला असो, वाईट असो, कोणीतरी तो ठेवतं. तुमच्या योजनेत गणिताच्या बाई, इंग्रजीचे सर आणि केंद्रातल्या ताई, प्रत्येकाला मुलाचा आपापल्यापुरता भाग दिसणार. गणिताच्या बाईंना वाटतं, सराव केंद्रात होत असेल. केंद्राला वाटतं, गणित ऑनलाइन चालूच आहे. आईला वाटतं, दोन्हीकडे फी भरतोय म्हणजे काहीतरी होतच असेल. आणि वर्ष सरता सरता लक्षात येतं की मुलाला तीन अंकी भागाकार जमत नाही. यात कोणीही कामचुकारपणा केलेला नसतो. हिशेबच कोणाकडे नव्हता, एवढंच.

तर हा हिशेब तुमच्याकडेच हवा. म्हणजे सगळे विषय तुम्ही शिकवायचे असं नाही. या आठवड्यात मुलगा कशावर काम करतोय, कुठे अडलाय, पुढच्या आठवड्यात कोणाकडून काय हवंय, हे एका माणसाला ठाऊक असलं पाहिजे. त्यासाठी रोज दोनेक तास डोकं मोकळं ठेवून मुलाजवळ बसणं आणि आठवड्यातून एकदा सगळ्या वह्या समोर घेऊन बघणं, एवढं पुरतं. शेजारच्या खोलीत मीटिंग चालू ठेवून मधूनमधून डोकावणं यात धरायचं नाही.

एवढा वेळ तुम्हाला देता येणार नसेल तर स्पष्टच सांगते. पाच दिवस केंद्र, दोन ऑनलाइन वर्ग आणि उरलेला वेळ आजींवर, अशी व्यवस्था होणार असेल तर ती एक छोटी, महागडी आणि मान्यता नसलेली शाळा झाली. त्यापेक्षा कमी पटाची, गृहपाठाचा रेटा न लावणारी मान्यताप्राप्त शाळा शोधा आणि संध्याकाळ मुलाला मोकळी द्या. नाशिकसारख्या शहरात अशा शाळा आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या कारणावर अवलंबून आहे, आणि कारण तुम्ही लिहिलेलं नाही. मुलगा कंटाळलाय म्हणून काढताय, की त्याला कोणी छळतंय म्हणून, की खेळासाठी वेळ हवाय म्हणून, यावर पुढचं बरंच ठरतं. छळामुळे असेल तर पहिले काही महिने नवीन गटात ढकलू नका, केंद्र नंतर. वाचन-लेखनात सतत मागे पडतो म्हणून असेल तर आधी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. ती असेल तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, पण सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्राला वेळ लागतो. दहावीच्या वर्षी धावाधाव करण्यात अर्थ नाही. खेळासाठी असेल तर हेही माहीत असू द्या की जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धा शाळेच्या नावावरच खेळता येतात. शाळेचं नाव नसेल तर संघटनांच्या खुल्या आणि वयोगटाच्या स्पर्धा उरतात. काही खेळांत तेवढं पुरतं, काहींत नाही. प्रशिक्षकांना आधी विचारा.

आता ऑनलाइन आणि प्रत्यक्ष. याचं सरसकट प्रमाण मी देत नाही. मी असं बघते: जिथे मुलाची चूक कागदावर किंवा बोलण्यात दिसते तिथे ऑनलाइन चालतं. गणित, इंग्रजी लेखन, एखादी परकी भाषा, कोडिंग ही अशी कामं. जिथे हात, शरीर किंवा दुसरी मुलं लागतात तिथे समोरासमोरच हवं. प्रयोग, सुतारकाम, नाटक, खेळ, तबल्याचे पहिले बोल हे सगळं त्यात आलं. तबला ऑनलाइन शिकवणारे आहेत, पण नवख्या मुलाचं बोट कुठे पडतंय हे कॅमेऱ्यातून नीट दिसत नाही.

दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला एकच ऑनलाइन वर्ग, तोही पाऊण तासाच्या आत आणि तीन-चार मुलांहून मोठ्या गटात नाही. पंचवीस चौकोनांच्या वर्गात मूल हजर असतं, शिकत असेलच असं नाही. आणि वर्गापेक्षा दोन वर्गांमधलं काम महत्त्वाचं. आठवड्यात गणिताचे दोन तास असतील तर मधल्या दिवशी वही उघडून सोडवलेली दहा-बारा गणितं हवीतच. ती कोण बघणार, हे बाईंशी आधीच ठरवून घ्या.

शिक्षक कसे निवडायचे? पदव्या आणि वर्षांचा अनुभव विचारा, पण त्यावर ठरवू नका. चाचणी तासाला शेजारी बसा आणि मूल चुकतं तेव्हा काय होतं तेवढंच बघा. माझं नेहमीचं उदाहरण अपूर्णांकांच्या बेरजेचं. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश किती? पाचवी-सहावीतली बरीच मुलं वरचे वर मिळवतात, खालचे खाली मिळवतात आणि उत्तर देतात: दोन सप्तमांश. एक शिक्षक लगेच म्हणतात, “चूक, छेद समान कर, सात बारांश.” मूल मान डोलावतं, उतरवून घेतं, पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा. दुसऱ्या बाई विचारतात, “बरं, दोन सप्तमांश. आता सांग, हा एक तृतीयांशपेक्षा मोठा की लहान?” मूल पट्टी काढतं, एकीचे तीन भाग करतं, दुसरीचे सात, रंगवतं आणि गप्प होतं. एक तृतीयांशात काहीतरी मिळवलं आणि उत्तर त्याहून लहान आलं! इथून पुढे छेद समान करायचं कारण त्याला बाहेरून सांगावं लागत नाही. या बाई मिळाल्या तर कॅमेरा जुना आहे की नवा, ॲप कुठलं, याची काळजी करू नका.

इंग्रजीला मुळात शिक्षक लागतात का, हेही बघा. इंग्रजी माध्यमातला पाचवीचा मुलगा वाचत असेल तर रोज वाचन आणि आठवड्यातून एक लिखाण कोणाकडून तरी तपासून घेणं पुरतं. मला तुमच्या योजनेत काळजी वाटते ती मराठीची. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये २०२०च्या कायद्याने मराठी सक्तीची आहे. घरी सक्ती करणारं कोणी नाही, म्हणून घरशाळेत इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं मराठी सगळ्यात आधी सुटतं. बोलतात छान, पण जोडाक्षर आलं की वाचताना अडखळतात. आजी घरात आहेत. रोज वीस मिनिटं त्याने आजींना मोठ्याने वाचून दाखवायचं आणि त्यांनी फक्त ऐकायचं, मध्ये सुधारायचं नाही. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. पाठ मात्र तिसरीचा घेतलात तरी हरकत नाही, पुस्तकावरची इयत्ता झाकून ठेवा.

केंद्राबद्दल. पहिल्यांदा ते स्वतःला काय म्हणवतात ते बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यता न घेता शाळा चालवता येत नाही. तसं केल्यास एक लाखापर्यंत दंड आहे आणि नंतरही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. त्यामुळे प्रामाणिक केंद्रं ‘आम्ही शाळा नाही, शिक्षणाला मदत करतो’ असं सरळ सांगतात. जी ‘आमचं सगळं रीतसर आहे, तुम्ही काळजीच करू नका’ म्हणतात, त्यांच्याकडे कागद मागा. मान्यता असेल तर क्रमांक असतो. ‘एनआयओएसशी (केंद्र सरकारच्या मुक्त शाळेशी) संलग्न ऑनलाइन शाळा’ अशी जाहिरात दिसली तर जास्तच सावध. एनआयओएस काही संस्थांना अभ्यास केंद्र म्हणून मान्यता देते हे खरं, पण परीक्षेची नोंदणी विद्यार्थ्याची स्वतःची असते. कुठल्या तरी दुसऱ्या शाळेच्या पटावर नाव ठेवतो आणि मूल आमच्याकडे शिकेल, असं कोणी सुचवलं तर उठून या. नकली हजेरीवर सीबीएसईने शाळांच्या संलग्नता काढल्या आहेत, आणि त्यात नुकसान मुलाचंच होतं.

बाकी केंद्रात मी काय बघते? मोठी माणसं किती आणि मुलं किती. पोलीस पडताळणी झालीय का. स्वच्छतागृह. मूल एखाद्या कामाला नाही म्हणालं तर काय करतात. सात वर्षांचं आणि तेरा वर्षांचं मूल एकत्र काही करताना दिसतात का, की वयाप्रमाणे खोल्या आहेत. आणि तिथे असं काय होतं जे तुमच्या घरी होऊच शकत नाही? केंद्रातही तेच वर्कशीट भरून घेणार असतील तर रिक्षाचे पैसे वाचवा. तुमच्या योजनेत त्यांच्याकडून मी दोनच गोष्टी मागेन: प्रयोग, आणि इतर मुलांबरोबर लांबलचक, निकाल लागेपर्यंत चालणारी कामं. त्यासाठी सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस भरपूर झाले. तिसरा दिवस त्याने स्वतःहून मागितला तर वाढवा.

‘मग मित्र कुठून मिळणार?’ हा प्रश्न नातेवाईक विचारतातच. उत्तर केंद्रात कमी आणि मैदानावर जास्त आहे. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी तीच मुलं भेटतील असं एक ठिकाण हवं. सोसायटीचं मैदान, तालीम, पोहण्याचा क्लब, काहीही चालेल. केंद्रातली मुलं गावभर विखुरलेली असतात, त्यांची घरं लांब पडतात.

आता दहावी आणि कागदपत्रं. या भागात जरा सविस्तर लिहिते, कारण शिकण्यातली चूक सहा महिन्यांत भरून निघते, कागदाची दोन वर्षं खाते.

शिक्षण हक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. तो ६ ते १४ वयोगटासाठी आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हणून कलम १० मध्ये लिहिलंय, पण ते न केल्याबद्दल पालकांना शिक्षेची तरतूद नाही. घरशाळेला मान्यता देणारं कलमही नाही. म्हणजे तुम्ही गुन्हा करत नाही आहात, पण कोणी तुमच्या बाजूने कागदही देणार नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कोणी दारात आलंच तर वाद घालू नका. मुलाच्या वह्या दाखवा, योजना सांगा.

तुमच्या बाबतीत चांगली गोष्ट ही की मुलगा पाचवीत आहे. त्याला मधूनच काढू नका. पाचवी पूर्ण करू द्या, उत्तीर्ण झाल्याचं गुणपत्रक घ्या आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला घ्या. दाखल्यावरचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आधार आणि जन्मदाखल्याशी अक्षर न अक्षर जुळवून बघा. शाळेत असतानाच दुरुस्ती सोपी असते, नंतर प्रतिज्ञापत्रांचं झेंगट मागे लागतं. यूडायस म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीतला त्याचा कायमचा विद्यार्थी क्रमांक (पेन) असतो, तोही लिहून घ्या. परत कुठे प्रवेश घ्यायची वेळ आली तर लागेल.

पाचवी पूर्ण करण्याचं कारण सतरा नंबरचा फॉर्म. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसायचं तर हाच फॉर्म भरतात. त्याला किमान पाचवी उत्तीर्ण, वयाची १४ वर्षं पूर्ण आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. फॉर्म ऑनलाइन, पण कागदपत्रं संपर्क केंद्र म्हणून नेमलेल्या शाळेत द्यायची असतात. फॉर्म भरायची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, म्हणून ज्या वर्षी बसायचं त्याच्या आधीच्या जूनपासून मंडळाच्या सूचनांवर लक्ष ठेवा.

दुसरा रस्ता एनआयओएसचा. १९८९ मध्ये सुरू झालेली ही केंद्र सरकारची मुक्त शाळा. दहावीला वय १४ पूर्ण हवं, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा. नोंदणी पाच वर्षं चालते, म्हणजे विषय तुकड्या-तुकड्याने काढता येतात. घरशाळेला हे फार सोयीचं. दोन खाचा मात्र आहेत. गणित न घेताही इथे दहावी होते, आणि मुलाला गणित नकोसं झालं की पालकांनाही मोह होतो. पुढे गणित लागणाऱ्या वाटा मात्र तिथेच अडतात. आणि ऑक्टोबरच्या परीक्षेचा निकाल त्या वर्षीच्या अकरावी प्रवेशाला उपयोगी पडत नाही. अकरावीला कॉलेजातच जायचं असेल तर शेवटचा विषय एप्रिलमध्ये संपेल असं बसवा.

केंब्रिजची आयजीसीएसई, म्हणजे दहावीच्या पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षा, खासगी उमेदवार म्हणून देता येते. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पेपरचा पर्यायही आहे. पण शहरात बाहेरचे उमेदवार घेणारं परीक्षा केंद्र सापडेलच असं नाही, आणि फी विषयागणिक असते. पोरगं परदेशातच शिकणार असं आत्ताच ठरवलं नसेल तर दहाव्या वर्षी याचा विचार बाजूला ठेवा. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. ते पाचवी आणि आठवीच्या पातळीचीही परीक्षा घेतं. मध्ये एक सरकारी गुणपत्रक हाताशी असावं असं वाटत असेल तर आठवीची ही परीक्षा बघा. एनआयओएसच्या मुक्त मूलभूत शिक्षणातही तिसरी, पाचवी, आठवीशी समकक्ष अ, ब, क असे टप्पे आहेत.

आणि कागदच नकोत असं म्हणणाऱ्यांसाठी: मुंबईची एक घरी शिकलेली मुलगी संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधली पदकं घेऊन २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. त्याच मुलीला बारावीचं गुणपत्रक नसल्यामुळे आयआयटीत जागा नव्हती. ही गोष्ट घरशाळेच्या गटांत पहिल्या अर्ध्यापर्यंतच सांगितली जाते.

परत फिरायचं असेल तर केव्हापर्यंत? आठवीपर्यंत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाला योग्य वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडला असेल तर विशेष प्रशिक्षणही. महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत हे खरंच होतं. नववीला मात्र गणित बदलतं. सीबीएसईची बोर्डाची नोंदणी नववीतच होते, थेट दहावीत घुसता येत नाही. म्हणून सातवी संपताना एकदा बसून ठरवा: शाळेत परत, सतरा नंबर की एनआयओएस. तोवर हा विषय रोजच्या जेवणात आणू नका.

पुरावा म्हणून काय ठेवायचं, हेही बरेच जण विचारतात. एक साधी दोनशे पानी वही. रोज तीन-चार ओळी. उदाहरणार्थ: ‘सोमवार. अपूर्णांक, पट्ट्यांनी, ८ गणितं, ३ चुकली, छेद. गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याची बातमी वाचली, क्युसेक म्हणजे काय शोधलं. आजींना दोन पानं. संध्याकाळी पोहणं.’ सोबत एका फाइलमध्ये महिन्याचे दोन-तीन नमुने, चुकलेल्या कामासकट. ही वही सरकारी अधिकाऱ्यापेक्षा तुमच्याच जास्त उपयोगी पडते, कारण वर सांगितलेला हिशेब तो हाच. गणिताच्या बाईंना महिन्यातून एकदा यातलं पान पाठवा, केंद्राच्या ताईंनाही. तिघं एकमेकांना प्रत्यक्ष भेटायची गरज नाही.

पैशांचं थोडक्यात. सुरुवातीला दोन महिने केंद्र आणि ऑनलाइन दोन्ही एकदम सुरू करू नका. मुलाला झोप पुरी होऊ दे, कंटाळू दे, काय करतो ते बघा. मग एकेक मदत जोडा, म्हणजे कुठल्या गोष्टीचा काय उपयोग झाला ते कळतं. वर्षाची फी आगाऊ मागणाऱ्यांना तिमाही विचारा. ‘सोपे हप्ते’ असतील तर कागद नीट वाचा. बऱ्याचदा ते तुमच्या नावावरचं कर्ज असतं आणि वर्ग बंद केला तरी हप्ता चालू राहतो. सूट आजच संपतेय असं कोणी फोनवर सांगितलं तर संपू दे.

केंद्राला तुम्ही बहुधा एकट्याच जाऊन आला असाल. पुन्हा जा, मुलाला घेऊन, आणि सकाळच्या दाखवायच्या वेळी नाही तर दुपारी, मुलं दमलेली असतात तेव्हा. फी भरण्याआधी दोन दिवस बसू द्या म्हणा. तयार नसतील तर त्यांचं कारण ऐकून घ्या आणि दुसरं केंद्र बघा.